सायबाचं मासं

मेजर सबनीस खांडवाडीच्या नदीवर पहिल्यांदा आले ते त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर. लष्करातून निवृत्त होऊन त्यांनी तळेगावला बंगला बांधला होता आणि जीप घेऊन ते मावळातल्या नद्या धुंडाळत असत. त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभं राहून ते हातातली लवचीक काठी डोक्यावरून मागे-पुढे हलवत होते. काठीला लांबलचक दोर होता. दोराच्या टोकाला काय आहे, ते काठावरून दिसत नव्हतं. भोईवाड्यातली माणसं जाळी वाळत घालायची सोडून बघत उभी राहिली.

"माश्या हाकलतोय जनू," ज्योतीराम म्हणाला आणि सगळे हसले.

त्याचा धाकटा भाऊ भिमाजी हसला नाही. दोर हवेत सरळ होताना त्याने पाहिला होता. शेवटी तो पाण्यावर असा टेकला की पाण्याला कळलंसुद्धा नाही. आणि मग खडकाआडून एका माशाने वर येऊन काहीतरी टिपलं. जाळं टाकलं की पाणी फाटतं, हे भिमाजी जन्मल्यापासून बघत आला होता. पाणी न फाडताही मासा धरता येतो, हे त्याला त्या दिवशी समजलं.

तो पाण्यात उतरून मेजरांपाशी गेला. "सायेब, टोकाला काय लावलंया?"

मेजरांनी गळ तळहातावर ठेवून दाखवला. गळावर दोऱ्याने पिसं गुंडाळून केलेली, गव्हाच्या दाण्याएवढी माशी. भिमाजीने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"हिचं पंख चुकल्यात," तो म्हणाला. "आपल्या पान्यावरची माशी पंख असं उभं धरती. मिटलेल्या पाकळीवानी."

मेजर त्याच्याकडे बघत राहिले. पुढच्या खेपेला त्यांनी पिसांचा डबा आणि बारीक चिमटा आणून भिमाजीपुढे ठेवला.

भोईवाडा पंधरा घरांचा, धरणाच्या भिंतीपासून मैलभर खाली. धरणाच्या तळच्या दरवाजातून बाराही महिने पाणी सुटायचं. तळचं पाणी, म्हणून ते इतकं थंड की वैशाखातसुद्धा पाय बुडवले की पोटऱ्या आखडायच्या. बाया धुण्याला बसल्या की धरणाच्या नावाने बोटं मोडायच्या. मेजर मात्र खिशातून थर्मामीटर काढून ते पाणी पुन्हा पुन्हा मोजायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे.

भिमाजी आठ दिवसांत दोर टाकायला शिकला. मेजर मागे उभे राहून एवढंच सांगायचे, "घाई करू नकोस. मागे दोर पूर्ण सुटू दे. आधी थांबायला शीक." थांबणं भिमाजीला जमलं. रानकोंबड्याच्या मानेची पिसं, बगळ्याची कापसासारखी मऊ पिसं, बायको यशोदाबाईच्या लग्नातल्या लुगड्याच्या पदराचं रेशीम, यांतून तो माश्या बांधू लागला. नदीतले दगड उलटे करून खाली चिकटलेले किडे तो बघायचा. कुठला किडा कुठल्या महिन्यात पंख फुटून वर येतो, ते त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ते ठाऊक असण्याचा कधी काही उपयोग असेल, असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

पौषात मेजर त्याला जीपमधून तळेगावच्या स्टेशनवर घेऊन गेले. सकाळच्या गाडीतून एक लाकडी खोकं उतरलं. आत बर्फ, ओलं शेवाळ आणि शेवाळात नारिंगी मण्यांसारखी अंडी.

"नीलगिरीहून आलीत," मेजर म्हणाले. "ट्राउट. विलायती मासा आहे. थंड पाण्याशिवाय जगत नाही. साऱ्या मावळात ह्याला लायक अशी एकच जागा आहे, आणि ती तुझ्या घरासमोर आहे."

धरणाच्या दरवाजाजवळ त्यांनी दगडी पाट बांधून घेतला होता. त्यात वाळू, वाळूवर अंडी, वरून सतत वाहतं पाणी. अंडं मेलं की पांढरं पडायचं, आणि ते तिथेच राहिलं तर शेजारची अंडी नासायची. म्हणून भिमाजी पाटाशी पालथा पडून पिसाच्या टोकाने एकेक पांढरं अंडं बाहेर काढायचा. असे चाळीस दिवस गेले. यशोदाबाई भाकरी घेऊन यायची आणि ती तशीच वाळून जायची.

"आपल्या पोरी आजारी पडल्या तवा असं बसला न्हाईत कधी," ती एकदा म्हणाली.

"त्येंना तू हुतीस," तो म्हणाला. "ह्येंना कोन हाय?"

चैत्राच्या सुरुवातीला बोटाच्या पेराएवढी हजारभर पिल्लं त्यांनी नदीत सोडली. भिमाजी संध्याकाळपर्यंत काठावर बसून राहिला. बगळा उतरला की दगड मारायचा.

त्यानंतर महिन्याभरात मेजरांनी कचेरीतून हुकूम आणला. धरणाच्या भिंतीपासून खाली दोन मैलांपर्यंत कोणी जाळं टाकायचं नाही. मेजरांनी आपल्या ओळखीच्या साहेबांचा एक क्लब काढला होता, आणि ते पाणी आता क्लबच्या देखरेखीखाली गेलं. भिमाजीला खाकी सदरा आणि छातीवर लावायचा पितळी बिल्ला मिळाला. तो राखणदार झाला.

हुकूम वाचून दाखवायला मेजर स्वतः भोईवाड्यात आले. ज्योतीराम पुढे झाला. वाड्यातला तो सगळ्यात थोराड माणूस, कमी बोलणारा.

"सायेब, आमी जायाचं कुटं?"

"दोन मैलांच्या खाली नदी मोकळीच आहे की."

"थितं खालच्या गावचं भोई हायेत. त्येंच्या पान्यात जाळं टाकलं तर डोस्की फुटतील."

"बोलून घ्या आपसात," मेजर म्हणाले. "तीन-चार वर्षांचाच प्रश्न आहे. मासे वाढले की बघू." आणि ते जीपमध्ये बसले.

ज्योतीराम भिमाजीकडे वळला. भिमाजीने सांगितलं, "दादा, वाईच कळ काडा. हे मासं वाडलं की समद्यांचं भलं हुईल." तो हे मनापासून बोलला होता. कोणाचं आणि कसं भलं होईल, याचा विचार मात्र त्याने केला नव्हता.

काही दिवस लोकांनी कळ काढली. खालच्या गावच्या भोयांशी दोनदा मारामारी झाली आणि एकाचा हात मोडला. पाऊसकाळ आला, नदी गढूळ झाली, त्या महिन्यांत कोणी कोणाला काही विचारलं नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी भिमाजी राखणीला निघाला, तर उंबराखालच्या डोहात ज्योतीराम कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि नवं जाळं ओढत होता. ते जाळं त्याची बायको शालनबाई हिने सबंध पावसाळाभर बसून विणलं होतं. ती काठावर टोपली घेऊन उभी होती.

भिमाजी धावत गेला. जाळ्यात मरळ होती, दोन वांबी होत्या, मूठभर बारीक मासळी होती, आणि तिच्यात अंगावर लाल ठिपके असलेली तीन बोटभर पिल्लं तडफडत होती. भिमाजी सदऱ्यासकट पाण्यात शिरला. त्याने आधी ती तीन पिल्लं ओंजळीत घेतली, प्रवाहाकडे तोंड करून धरली, त्यांचे कल्ले हलायला लागेपर्यंत थांबला आणि मग सोडली. एक उलटं झालं. ते त्याने पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. ते पोहत गेलं तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

ज्योतीराम जाळ्याची दोरी धरून त्याच्याकडे बघत उभा होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"दादा, जाळं द्यावं लागंल. हुकूम हाय."

"कुनी बघितलंया? तू न् मी न् ही."

"मी राखनदार हाय."

शालनबाई काठावरून म्हणाली, "भावजी, घरात दोन दिस चूल न्हाई पेटली. ह्यो एक डाव जाऊ द्या."

भिमाजीने जाळ्याच्या दोरीला हात घातला. ज्योतीरामाने दोरी सोडून दिली आणि काठावर येऊन तो धोतर पिळू लागला. भिमाजीने जाळ्यातली मासळी टोपलीत ओतून टोपली वहिनीपुढे ठेवली. तिने ती पायाने पाण्यात लोटली. मग जाळं खांद्यावर टाकून तो तळेगावपर्यंत चालत गेला. मेजरांनी ते बागेतल्या पाचोळ्यावर टाकून जाळायला लावलं. माळ्याकडून काडी पेटेना, म्हणून काडी भिमाजीनेच ओढली.

पुढच्या महिन्यात ज्योतीराम बिऱ्हाड घेऊन पिंपरीला गेला. तिथे नवे कारखाने उभे राहत होते, पायाच्या खोदाईला माणसं लागत होती. जाताना तो भिमाजीच्या दारावरून गेला, पण दाराकडे वळून पाहिलं नाही. त्याच्यामागून आणखी चार घरं गेली. उरलेल्यांनी भिमाजीशी बोलणं सोडलं. यशोदाबाई धुण्याला गेली की बाकीच्या बाया पिळे तसेच उचलून दुसऱ्या खडकावर जायच्या. मुलींना कोणी खेळायला घेईना.

"एकडाव पिंपरीला जाऊन पाय धरा त्येंचं," यशोदाबाई म्हणायची.

"जाईन," तो म्हणायचा. पण राखण सोडून जायचं कसं? त्या वर्षी पाणमांजरं फार झाली होती.

मासे वाढत होते. सगळे नाही, हजारातले शंभरएक उरले असतील. भिमाजी प्रत्येकाची जागा ओळखत होता. उंबराच्या डोहाच्या मुखाशी, पाणी खडकावरून घसरून शांत होतं तिथे, एक नर राहायचा. तिसऱ्या वर्षी तो कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब झाला होता. मेजरांचा खांदा अधू झाल्यापासून ते कधीकधी काठी भिमाजीच्या हातात देत आणि स्वतः खडकावर बसून बघत. आसपास कोणी नसलं म्हणजेच. क्लबच्या नियमात राखणदाराने गळ टाकणं बसत नव्हतं. त्या थोड्या वेळात भिमाजीला घर, भाऊ, काही आठवत नसे. दोर मागे सुटायचा, तो थांबायचा, दोर पुढे जायचा. पकडलेला मासा ओल्या हाताने गळ काढून तो परत सोडायचा.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत दिल्लीहून कोणी बडे पाहुणे आले. देहूरोडवरून दोन जीपगाड्या भरून माणसं आली, सोबत फोटोवाला आणि जेवणाचे डबे. पाहुण्यांना मोठा ट्राउट धरायचा होता. सकाळभर त्यांनी पाणी झोडपलं. घाई करायचे, दोर मागे सुटायच्या आत पुढे ओढायचे, तो गोळा होऊन धपकन पडायचा. दुपार झाली तशा मेजरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. ते भिमाजीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तू टाक. लागला की काठी साहेबांच्या हातात दे."

भिमाजीने आदल्या संध्याकाळी बांधलेली करडी माशी लावली. तो डोहाच्या मुखापासून बराच खाली, बगलेने पाण्यात उतरला आणि नुसता उभा राहिला. पाहुणे घड्याळ बघू लागले. मग त्याने एकदाच दोर टाकला. माशी खडकाच्या वर पडली, पाण्याबरोबर घसरत आली, आणि तिच्याखाली एक सावली हलली. नर वर आला तो अगदी सावकाश. काठी वाकली. तो असा पळाला की काठीवरची दोराची चक्री ओरडायला लागली. भिमाजी स्वतःशी हसत होता.

"दे, दे!" मेजर म्हणाले.

त्याने काठी दिली. पाहुण्यांनी आरडाओरडा करत, ओढाताण करत शेवटी मासा काठावर घेतला आणि दगडावर आपटला. फोटोवाल्याने सांगितलं, "ते खाकीवाले, जरा बाजूला व्हा." भिमाजी बाजूला झाला. समोरच्या काठावर वाड्यातल्या दोन बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. एकीने दुसरीला काहीतरी सांगितलं आणि दोघी निघून गेल्या.

त्या दिवशी त्याने घरी आल्यावर बिल्ला काढून कोनाड्यात ठेवला. सकाळी परत लावला. पाण्यात अजून साठ-सत्तर मासे होते.

वैशाखात एका सकाळी त्याला पाण्याचा आवाज वेगळा वाटला. नदीवर जाऊन पाहतो तो दगडांच्या माना उघड्या पडल्या होत्या. तो धरणाच्या भिंतीकडे पळाला. तळचा दरवाजा बंद होता आणि वर माणसं दोर लावून काहीतरी उतरवत होती.

तिथल्या ओव्हरसियरने त्याला शांतपणे सांगितलं, "दरवाजा दुरुस्तीला काढलाय. पंधरा दिवस पाणी बंद."

"पन मासं मरतील, सायेब! थंड पानी लागतंया त्येंला."

"तुमच्या क्लबला महिन्यापूर्वी लेखी कळवलंय. हवं तर पाट काढून थोडं पाणी देऊ, असंही लिहिलं होतं. मेजरसाहेबांनी उत्तरच दिलं नाही. आता दरवाजा उतरलाय, माझ्या हातात काही नाही."

भिमाजी शेजारच्या गावातून सायकल मागून तळेगावला गेला. बंगल्याला कुलूप होतं. माळी म्हणाला, साहेब महाबळेश्वरला गेलेत, पाऊस लागल्यावर येतील. टपाल तिकडे पाठवायला सांगितलेलं नाही.

दोन दिवसांत प्रवाह तुटला आणि नुसते डोह उरले. ते तापू लागले. मासे डोहांच्या सावलीतल्या कडेला गोळा झाले, तोंडं वर काढून धापा टाकू लागले. भिमाजी आणि यशोदाबाई घागरींनी विहिरीचं पाणी आणून ओतत राहिले. यशोदाबाईने त्या चार दिवसांत नुसत्या खेपा घातल्या. भिमाजी वाड्यात दारोदार गेला. "घागरी घिऊन या, पाया पडतो." दारं उघडी होती. कोणी उठलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी उंबराच्या डोहात पहिला मासा पांढरं पोट वर करून तरंगला. संध्याकाळपर्यंत सगळे. तेव्हा मात्र वाड्यातली माणसं आली, टोपल्या घेऊन. जाळ्यांची गरजच नव्हती. बायामुलांनी हातांनी मासे उचलले. एक म्हातारी, आक्काबाई तिचं नाव, भिमाजीजवळ थांबली, एक मासा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "घे. तुजं कष्ट हायेत." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच त्याला ते सोसलं नाही. तो उठून घरी गेला.

मेजर आले ते मृग लागल्यावर. भिमाजीने सगळं सांगितलं. पत्राचं ऐकताना त्यांनी कपाळ चोळलं.

"हो, आलं होतं खरं. राहून गेलं." मग खांदे उडवून म्हणाले, "प्रयोग होता रे. फसला. तसंही हा मासा इकडे कायमचा टिकला नसताच. क्लबातले लोक आता देहूरोडला गोल्फ सुरू करायचं म्हणताहेत." त्यांनी आतून काठी आणली. "ही तू ठेव. तुझ्याइतका हात कोणाचाच नाही."

भिमाजीने काठी घेतली नाही. सदरा आणि बिल्ला व्हरांड्यातल्या खुर्चीवर ठेवून, उघड्या अंगाने तो खांडवाडीपर्यंत चालत आला.

हुकूम आपोआप मागे पडला. नदी सगळ्यांना मोकळी झाली, पण वाड्यातली निम्मी घरं रिकामी होती. दसऱ्यानंतर भिमाजीने उसनं जाळं घेऊन उंबराच्या डोहातून एक मोठी मरळ काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि आगगाडीने पिंपरीला गेला. विचारत विचारत पत्र्याच्या खोल्यांच्या एका ओळीत पोचला. शालनबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं.

"बसा पाव्हनं," ती म्हणाली आणि तांब्या आणायला आत गेली.

दीर म्हणून नाही, भावजी म्हणून नाही. भिमाजी उंबऱ्यालगत बसला. ज्योतीराम शिफ्ट संपवून आला तेव्हा दिवस कलला होता. त्याच्या अंगावर सिमेंटची पांढरी पूड होती. तो हातपाय धुऊन समोर बसला. मरळ तोवर चुलीवर चढली होती. दोघे जेवले.

मग भिमाजीने सांगितलं, "दादा, समदं मासं मेलं. सायबानं सोडून दिलं. नदी मोकळी झाली. चला घरला."

"ऐकलं मी," ज्योतीराम म्हणाला.

"माजं चुकलं. पोटापायी केलं. राखनदारी गेली असती तर..."

"पोटापायी?" ज्योतीरामाने मान हलवली. "पोटापायी केलं असतंस तर मी तवाच सोडून दिलं असतं. पोटापायी मानूस काय बी करतंय, मी हितं काय करतुया? तू पोटापायी न्हाई केलंस. त्या दिशी पान्यात शिरलास तवा तू आदी त्या पिल्लांकडं बघितलंस. आमी दोगं जितीजागती मानसं हुबी हुतो. तुजं त्वांड कसं झालं हुतं, म्हाईत हाय? आईचं असतंया तसं. मी ते इसरायला बघतुया. जमत न्हाई."

भिमाजीला खोटं बोलता आलं असतं. नाही दादा, तसं नव्हतं, असं नुसतं म्हटलं असतं तरी ज्योतीरामाने कदाचित ऐकून घेतलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण डोळ्यांसमोर आलं ते उलटं झालेलं, मग हळूच सरळ होऊन पोहत गेलेलं पिल्लूच.

"शेवटची गाडी चुकंल," ज्योतीराम म्हणाला. तो दारापर्यंत आला, स्टेशनची वाट कुठे वळते ते हाताने दाखवलं आणि आत जाऊन दिव्याची वात वर केली.